उद्धरणांचा हिशेब आणि रॉबर्ट पेन यांचा तारामासा

संशोधकाचे कार्य मोजावे कसे, हा प्रश्न आता मोठ्या विद्यापीठांपुरता राहिलेला नाही. २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने एपीआय गुणांची पद्धत आणली. पुढे तिच्यात बदल झाले, पण लहान गावच्या महाविद्यालयातील अध्यापकालाही पदोन्नतीसाठी शोधनिबंध मोजण्याची सवय लागली ती लागलीच. म्हणून या मोजमापाचा अर्थ सागरी परिस्थितिविज्ञानातील एका नामवंत संशोधकाच्या उदाहरणाने पाहू.

रॉबर्ट पेन (१९३३–२०१६) अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात प्राध्यापक होते. १९६३ मध्ये पॅसिफिक किनाऱ्यावरील मक्कॉ उपसागराच्या एका खडकाळ पट्ट्यातून त्यांनी पिसास्टर हे तारामासे हाताने उपटून समुद्रात भिरकावण्यास सुरुवात केली. शेजारचा पट्टा तसाच राहू दिला. तारामासा हा तेथला वरचा भक्षक. मसल हे शिंपले (गोव्यातील शिनाण्यांचे भाऊबंद) हे त्याचे खाद्य. भक्षक हटताच मसल पसरले, त्यांनी खडकावरची जागा बळकावली आणि पट्ट्यातील १५ प्रजातींपैकी ८ च उरल्या. साधने म्हणाल तर पहार आणि चिकाटी!

हा निष्कर्ष १९६६ साली ‘अमेरिकन नॅचरॅलिस्ट’मध्ये प्रसिद्ध झाला. १९६९ मध्ये त्याच नियतकालिकातील अवघ्या तीन पानांच्या टिपणात त्यांनी ‘कीस्टोन’ म्हणजे कळीची प्रजाती ही संज्ञा मांडली. कमानीतील मधला दगड काढला की कमान ढासळते, तशी ही प्रजाती. या लेखनाचा उल्लेख पुढे हजारो निबंधांत झाला. गंमत अशी की संज्ञेसाठी पुष्कळजण १९६६ च्या लेखाचा हवाला देतात. त्या लेखात ती संज्ञाच नाही. मूळ लेख न उघडता दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून हवाला उचलला की असे होते. उद्धरण झाले म्हणजे वाचन झाले असे नव्हे.

आता आकड्यांकडे वळू. युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये सुचविलेली उद्धरणसूची १९६४ पासून नियमित निघू लागली. तिच्यातूनच ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ आला. नियतकालिकाने मागील दोन वर्षांत छापलेल्या लेखांना चालू वर्षी सरासरी किती उद्धरणे मिळाली, एवढेच तो सांगतो. तो नियतकालिकाचा आकडा आहे, लेखकाचा नव्हे. या रीतीने पाहता पेन यांच्या १९६६ च्या लेखाची १९६७ व १९६८ मधील उद्धरणे तेवढी हिशेबात येतील. नंतरच्या दशकांतली सर्व बाहेर राहतील.

२००५ मध्ये हॉर्हे हर्श यांनी एच-निर्देशांक सुचविला. समजा, एखाद्याच्या पाच निबंधांना १०, ८, ५, ४ आणि ३ उद्धरणे आहेत. किमान चार उद्धरणे असलेले चार निबंध आहेत, म्हणून निर्देशांक ४. पहिल्या निबंधाची उद्धरणे १० ऐवजी ४,००० असती तरी उत्तर चारच. म्हणजे एकाच कल्पनेने विषयाची दिशा बदलणाऱ्या लेखकाला हे माप तोकडे पडते.

उलट, सर्व उद्धरणे प्रशंसेचीही नसतात. १९९३ मध्ये मिल्स, सूले व डोक यांनी ‘कळीची प्रजाती’ ही संज्ञा सैलपणे वापरली जाते अशी टीका केली. सूचीत तीही पेन यांच्या खात्यावर जमाच होते. मात्र अल्यूशियन बेटांवर काम करणाऱ्या जेम्स एस्टिस यांना पेन यांनी गप्पांच्या ओघात समुद्री ऊदमांजरांच्या भक्षणाचा परिणाम पाहण्याची दिशा सुचविली, आणि त्यातून १९७४ चा गाजलेला निबंध उभा राहिला, याला कोणत्या रकान्यात घालावयाचे?

अध्यापकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. गूगल स्कॉलर, स्कोपस व वेब ऑफ सायन्स यांची व्याप्ती वेगवेगळी असल्याने एकाच लेखकाचे आकडे तिन्हीकडे जुळत नाहीत. समान नावाच्या लेखकांची सरमिसळही होते. तेव्हा अर्जात आकडा देताना तो कोणत्या सूचीतून आणि कोणत्या तारखेस घेतला, हे शेजारीच लिहावे.