पनवेलची वाट आणि मिशनऱ्यांचे संसार

मुंबईहून पुणें व अहमदनगर येथें जाण्याचा जुना मार्ग पनवेलवरून असे. भरतीच्या पाण्यावर होडीनें पनवेल बंदर गाठावें व पुढें बोरघाट चढावा. हा घाट १८३० त गाड्यांस खुला झाला. १८३१ च्या अखेरीस अमेरिकन मराठी मिशननें नगरास ठाणें मांडिलें, तेव्हां त्यांच्या संसारांसही ही वाट जवळची झाली.

या मंडळींचे ग्रंथ व शाळा यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. घरांतील अडचणींविषयीं थोडें. गॉर्डन हॉल १८१३ त मुंबईस आले. १८२५ त प्रकृतीच्या कारणास्तव पत्नी व दोन मुलगे यांस त्यांनीं अमेरिकेस धाडिलें; थोरला मुलगा जहाजावरच वारला. १८२६ च्या मार्चांत नाशिक-त्र्यंबकच्या प्रवासांत हॉल स्वतः पटकीनें गेले. केपला वळसा घालून येणाऱ्या पत्रास तेव्हां महिनेच्या महिने लागत. एकाचें दुःख दुसऱ्यास कळेपर्यंत ऋतु पालटे. विल्यम हर्वे यांची पत्नी १८३१ त मुंबईस निवर्तली. ते स्वतः पुढील वर्षीं नगरास वारले.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, मिशनचे छापील अहवाल जपतांना घरगुती पत्रें, दुधाचे हिशेब व नोकरांच्या पगाराचे चिटोरे रद्दींत टाकूं नयेत. अहवालांत शाळांची संख्या मिळते. परक्या मुलखांत तान्हें मूल कसें वाढविलें, हें चिटोऱ्यांत सांपडतें. आपल्याच दाया, गवळी व होडीवाले यांचीं नांवेंही तेथेंच असण्याचा संभव. अन्य दप्तरांत तीं क्वचितच मिळतात.