चौकट : सीमाभागातलं ख्रिस्ती मिशन

सुरुवात : १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर यांनी बेळगावात काम सुरू केलं. १९०४ मध्ये ते मेथडिस्ट एपिस्कोपल मिशनकडे गेलं.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) : जन्म बेळगावचा, सुरुवातीचं शिक्षण तिथल्याच मिशन शाळेत. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतला. विधवांच्या स्थितीवरचं त्यांचं ‘यमुनापर्यटन’ (१८५७) मराठीतली पहिली कादंबरी मानलं जातं. धर्मप्रसाराच्या हेतूनं लिहिलेलं पुस्तक वाङ्मयाच्या इतिहासात आघाडीला बसलं, हे विशेष.

कॅथलिक : हा प्रवाह वेगळा. बेळगाव धर्मप्रांताची स्थापना १९५३ ची.

दुहेरी अल्पसंख्य : १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव आणि निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेले. तिथले मराठी ख्रिस्ती तेव्हापासून धर्मानं आणि राज्यातल्या भाषेनंही अल्पसंख्य. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात ख्रिस्ती सुमारे १.९ टक्के.

मध्यस्थीची प्रार्थना : स्वतःसाठी नव्हे, इतर व्यक्तींसाठी किंवा समाजांसाठी देवाकडे केलेली विनवणी. सुवार्ताप्रसार म्हणजे येशूचा संदेश सांगणं.

कायदा : घटनेच्या २५व्या कलमात धर्मप्रसाराचा हक्क आहे. दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९७७ मध्ये दिला. कर्नाटकाचं धर्मांतरविरोधी विधेयक विधानसभेनं डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलं, तेही बेळगावातल्या सुवर्ण विधानसौधातच.