झाडे लावली किती, जगली किती?

सन १९५० मध्ये तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री श्री. कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सव सुरू केला. तेव्हापासून दरवर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात गावोगाव रोपे लावली जातात. परंतु या उत्सवाची खरी कसोटी लागते ती पुढील चैत्र-वैशाखात. पाण्यावाचून किंवा मोकाट गुरांमुळे रोप गेले, तर वर्षाचे श्रम वाया जातात. याकरिता खड्डे उन्हाळ्यातच खणून तापू द्यावेत. बांधावर कडुनिंब, करंज, बाभूळ लावून भोवती काटेरी कुंपण करावे व आळ्यात पाचोळ्याचे आच्छादन घालावे. बांधावरच सरपण मिळू लागले, म्हणजे शेण गोवऱ्यांत न जळता खतरूपाने शेतास मिळते. म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी लावलेली नव्हे, तर जगलेली झाडे मोजावीत.