जड पाण्यातही रिठ्याला फेस कसा येतो?

तुमच्यापैकी कुणाची वेणी कंबरेपर्यंत येते? मग तिचं टोक जरा हातात घ्या. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे 60 सेंटिमीटर लांब केसाचं टोक डोक्यातून बाहेर आलं, त्याला चार-पाच वर्षं झाली. तुम्ही पाचवीत असाल, तर ते टोक बालवाडीतलं आहे! एवढ्या वर्षांचं ऊन, धूळ आणि कंगवा त्यानं सोसलाय. लांब केस जपून धुवायचे ते म्हणूनच.

केसाच्या सालीवर कौलांसारखे एकावर एक खवले असतात. ते चपटे बसले की केस चमकतो. पाण्यात खार जास्त असला की खवले उचलले जातात, एकमेकांत अडकतात आणि गुंता होतो.

खाराचा राजा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात आहे: लोणारचं सरोवर. खार वाढला की सामू (pH) हा आकडा वाढतो. शुद्ध पाण्याचा सामू 7, तर लोणारच्या पाण्याचा 10च्या आसपास! तिथं काच आणि साबणासाठी लागणारं साहित्य मिळतं, अशी नोंद अकबराच्या काळातल्या ‘आईन-इ-अकबरी’त आहे. खार आणि तेल यांपासूनच साबण होतो. त्यानं कपडे छान निघतात, केस मात्र राठ होतात.

त्यात आपलं पाणी. मेहकर तालुक्यातलं आपलं जानेफळ दख्खनच्या काळ्या खडकावर वसलंय. पावसाचं पाणी या खडकाच्या भेगांतून मुरताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. म्हणून विहिरी-बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं. ‘या पाण्यात डाळच शिजत नाही’ असं घरी ऐकलंय ना? तेच हे पाणी. साबण त्यातल्या कॅल्शियमशी जुळतो, त्याचा चिकट साका होतो आणि तो केसांवर बसतो.

आता रिठा घ्या. त्याच्या सालीत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं. त्याच्या रेणूचा साखरेचा भाग पाण्याकडे ओढला जातो, दुसरा भाग तेलाकडे. तेलाचा थेंब असा मधल्यामध्ये पकडला जातो आणि पाण्याबरोबर वाहून जातो. गंमत म्हणजे कॅल्शियममुळे सॅपोनिनचा साका होत नाही, म्हणून जड पाण्यातही रिठा फेसाळतो. त्याचं पाणी किंचित आम्लधर्मी, म्हणजे खाराच्या उलट, असल्यानं खवलेही उचलले जात नाहीत. शिकेकाईच्या शेंगांतही सॅपोनिनच असतं.

झाडानं ते आपल्या वेण्यांसाठी केलेलं नाही बरं! कीड आणि बुरशी दूर ठेवायला केलंय. पूर्वी काही ठिकाणी रिठे कुटून पाण्यात टाकत, मासे गुंगीत वर येत आणि पकडले जात. म्हणून रिठ्याचं पाणी विहिरीत किंवा ओढ्यात ओतू नका. डोळ्यांतही जाऊ देऊ नका, फार झोंबतं.

करायचं कसं? बिया काढून पाच-सहा रिठे, चार-पाच शिकेकाईच्या शेंगा आणि थोडा वाळलेला आवळा रात्री भिजत घाला. सकाळी मोठ्यांकडून उकळून घ्या, निववा आणि फडक्यानं गाळा. लोखंडी कढईत उकळलंत तर पाणी काळंभोर होईल. घाबरू नका, आवळ्यातलं टॅनिन लोखंडाशी जुळलं की काळा रंग होतो. जुन्या काळी अशीच शाई करत. डोक्याला भरपूर तेल असेल, तर पहिल्या वेळी फेस येणारच नाही, कारण तेल फेस मोडतं. पुन्हा एकदा धुवा.

आणि हा प्रयोग नक्की करा. दोन बाटल्यांत बोअरचं पाणी भरा. एकीत अंगाच्या साबणाचा कीस घाला, दुसरीत रिठ्याचं पाणी. दोन्ही सारख्या हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. कुठं साका धरतो, कुठं फेस टिकतो ते वहीत लिहा. मग हेच पावसाच्या पाण्यात करून बघा.