वाघाचा डॉक्टर व्हायचंय? मग आधी शेळीपासून सुरुवात

बारावीचा निकाल लागला की आपल्या घरांत एकच प्रश्न असतो : मुलगी डॉक्टर होणार ना? डॉक्टर म्हणजे माणसांचाच, हे आपण धरूनच चालतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या पालकांनी तरी थोडा वेगळा विचार करावा, असे आम्हाला वाटते.

२०१८ साल आठवा. पांढरकवडा-राळेगाव भागात शेतात जायची लोकांना धास्ती बसली होती. टी-१ ऊर्फ अवनी वाघिणीच्या नावावर १३ बळी मांडले गेले. आधी बेशुद्ध करून पकडा, ते जमले नाही तरच गोळी, असा आदेश होता. २ नोव्हेंबरच्या रात्री ती गोळीने मेली. त्यावर पुष्कळ वाद झाले. आम्ही त्यातून एवढेच घेतो की माणूस आणि वाघ, दोघांनाही वाचवायचे तर कुशल पशुवैद्य हवेत.

हे काम मोठ्या जोखमीचे आहे. वजनाचा अंदाज दुरूनच घ्यायचा, औषधाची मात्रा ठरवायची, जनावर झोपले की श्वास आणि ताप पाहत राहायचे, मग शुद्धीवर आणायचे. टिपेश्वर अभयारण्यातल्या एका वाघाला २०१९ मध्ये अशीच रेडिओ कॉलर लावली गेली. तोच पुढे बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत चालत गेलेला ‘वॉकर’.

वाट अशी आहे : बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, आणि मग नीट. परीक्षा एमबीबीएसचीच, अर्ज मात्र वेगळा. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ, मुंबई इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे. त्यानंतर वन्यजीवांचे पुढचे शिक्षण. नागपूरच्या गोरेवाड्यात त्यासाठी संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

खरे तेही सांगतो. वाघ-बिबट्यांच्या डॉक्टरांच्या जागा थोड्या आहेत. सुरुवातीची वर्षे गाई-म्हशी आणि शेळ्यांतच जातात. पण पदवी वाया जात नाही : पशुधन विकास अधिकारी होता येते, स्वतःचा दवाखानाही काढता येतो.

तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस आपण मुलांना लहानपणीच ऐकवतो. तीच मुलगी मोठी होऊन “मला जनावरांची डॉक्टर व्हायचंय” म्हणाली, तर हसू नका. अंगणात अडलेल्या शेळीपाशी ती रात्रभर बसली असेल, तर तिचे शिक्षण तेव्हाच सुरू झाले आहे.