गिटारचा आवाज आणि लांकडी पेटी

वैशाखांत अमळनेरला बोरीच्या वाळवंटांत सखाराम महाराजांची यात्रा भरते. तेथील गर्दींत कीर्तनकाराचा कमावलेला आवाज एक वेळ शेवटपर्यंत पोंचेल; तंबोऱ्याचा झंकार मात्र पहिल्या चार ओळींपलीकडे जावयाचा नाहीं. तारवाद्यांची ही उणीव जुनीच. अमेरिकेंत बँडच्या दणदणाटांत ती गिटारवाल्यांस फारच जाचूं लागली, व तींतून जो उपाय निघाला त्याची हकीकत आम्ही येथें देत आहों.

हवाई बेटांच्या पद्धतीनें गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजविणारे जॉर्ज बीचम यांनीं अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांच्या साह्यानें १९३२ सालीं विजेची गिटार बाजारांत आणली. पोलादी तार लोहचुंबकाजवळ कांपली कीं शेजारच्या वेटोळ्यांत क्षीण वीजप्रवाह उत्पन्न होई. व्हॉल्व्ह तो वाढवीत, आणि कर्ण्याचा कागदी शंकू त्याचा पुन्हां नाद करी. विद्या रेडिओचीच, म्हणून पेटीहि रेडिओसारखी लांकडाची. ही पेटी केवळ शोभेची नव्हे. शंकू पुढची हवा दाबतो तेव्हां मागची विरळ होते. कर्णा मोकळा ठेविल्यास दोन्ही कडेनें एकमेकींस मिळतात व खर्ज नाहींसा होतो. मध्यें फळी आली कीं ती वाट लांबते. पातळ पत्र्याची पेटी स्वतःच खणखणूं लागते. जाड लांकूड तितकें बोलत नाहीं.

फुलर्टन गांवीं रेडिओदुरुस्तीचें दुकान काढलेले लिओ फेंडर यांच्या १९४६ च्या पेट्या तर दिवाणखान्यांत शोभाव्या अशा: मेपल, अक्रोड वा महोगनीचें उघडें लांकूड, आणि मूठहि लांकडाचीच. 'प्रिन्स्टन' नांवाच्या धाकट्या पेटीस आवाज कमीजास्त करण्याची खुंटीसुद्धां नव्हती! पण रोज गाडींत चढणाऱ्या-उतरणाऱ्या सामानास हा नखरा कितीसा परवडणार? १९४८ च्या सुमारास पेट्यांवर कापड चढलें व आंत साधें पाइन आलें. गोडवा महागड्या लांकडांतच असतो, ही समजूत आम्हांस अतिशयोक्त वाटते. कर्णा, फळीची जाडी आणि घट्ट सांधे यांचें काम अधिक.

आपल्याकडे महायुद्धाच्या काळांत सामोआचे टाउ मो हे कलकत्त्यास राहून हवाई गिटार वाजवीत. पुढें ब्रिजभूषण काब्रा यांनीं त्याच वाद्यावर राग मांडले.

खानदेशांत अजून एखाद्या घरीं माळ्यावर व्हॉल्व्हचा जुना रेडिओ असेल. तो भंगारांत जाण्यापूर्वीं त्याची पेटी तरी राखावी, व कापडामागची फळी काढूं नये. मात्र मागचा पुठ्ठा मुलांस उघडूं देऊं नये: खटका बंद केल्यावरहि आंतील कंडेन्सरांत जिवावर बेतण्याइतकी वीज उरूं शकते.