शेकोटीच्या चौकटींतून निघालेली गिटार

आमच्या घरीं विजेच्या गिटारीचा प्रवेश झाला तेव्हां आमच्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, हें वाचकांपाशीं आरंभींच कबूल केलेलें बरें. ज्याच्या कानांत जन्मभर अनुष्टुभ् घोळला, त्याला तो आवाज गिरणीच्या भोंग्याचा भाऊ वाटल्यास नवल नाहीं. पुढें एके दिवशीं नातवानेंच ब्रायन मे या इंग्रज वादकाची गिटार कशी जन्मली तें आम्हांस सांगितलें, आणि हातांतलें वर्तमानपत्र हातांतच राहिलें.

लंडनच्या पश्चिमेस फेल्टम नांवाची साधी वस्ती आहे. तेथें १९६३ सालीं सोळा वर्षांच्या ब्रायनला विजेची गिटार हवी झाली. अमेरिकन बनावटीच्या वाद्याची किंमत घरच्या मिळकतीला झेपणारी नव्हती. पण वडील हॅरल्ड मे हे सरकारी विमानखात्यांत आराखडे काढणारे गृहस्थ. विजेच्या यंत्रांचे जाणते आणि करवत-कानस लीलेनें चालविणारे. विकत घेणें शक्य नाहीं तर घडवूं, असें बापलेकांनीं ठरविलें. काम सुमारें दोन वर्षें चाललें, आणि खर्च आला आठ पौंडांच्या आसपास.

सामग्री कोठली म्हणाल, तर घरांतली आणि अडगळींतली. इंग्रजी दिवाणखान्यांत भिंतीला शेकोटी असते व तिच्याभोंवतीं लाकडी चौकट. परिचितांच्या घरची अशी एक जुनी चौकट मोडीत निघाली होती. तिच्या महोगनीची या गिटारीची दांडी झाली. त्या लाकडाला किड्यानें पाडलेलीं भोकें होतीं, तीं काड्यापेटीच्या काड्यांनीं बुजविलीं. अंगाचा गाभा जुन्या टेबलाच्या ओक लाकडाचा, आणि वरून महोगनीचा पातळ पापुद्रा. पडद्यांमधल्या खुणांचे ठिपके आईच्या शिवणाच्या डब्यांतील शिंपल्यांच्या गुंड्यांचे. सूर झुकविण्याचा दांडा सायकलीच्या पिशवीचा आधार होता, व त्याचें टोंक आईच्या विणकामाच्या सुईचें.

या दांड्यामागची युक्ति आम्हांस सर्वांत आवडली. सतारीवर मींड घेतांना तार बोटानें ओढतात. येथें दांडा दाबला कीं सगळ्याच तारा एकदम ढिल्या होऊन सूर खालीं झुकतो. अडचण ही कीं, दांडा सोडल्यावर तारा मूळ सुरावर नेमक्या परतत नाहींत. बापलेकांनीं तारा धरणारी पट्टी पोलादाच्या धारेवर तोलली, तराजूची दांडी झुलते तशी. आणि तारांच्या ताणाविरुद्ध जुन्या मोटारसायकलच्या इंजिनांतील दोन स्प्रिंगा लावल्या. घोडीवर तारांखालीं बारीक रूळ बसविले. घर्षण कमी झालें आणि सूर जागेवर येऊं लागला.

आतां नाद. अशा गिटारींत पोलादी तारांखालीं तांब्याच्या तारेचें वेटोळें असलेलें लोहचुंबक असतें. तार कांपली कीं वेटोळ्यांत सूक्ष्म वीज उपजते आणि कर्ण्यांतून मोठी होऊन येते. ब्रायननें प्रथम हीं वेटोळीं घरींच गुंडाळलीं, पण तार आडवी ओढली कीं नको तो आवाज येई; म्हणून बर्न्स कंपनीचीं तीन आणलीं व किंचाळूं नयेत म्हणून त्यांत ॲरल्डाइट ओतलें. प्रत्येकाला दोन खटके आहेत. एकानें तें चालूबंद होतें, दुसऱ्यानें त्याची वीज उलटी वाहते. दोन वेटोळीं परस्परविरुद्ध लावलीं कीं दोहोंतला समान नाद मावळतो व उरतो तो बारीक, अनुनासिक स्वर. अंगांत मुद्दाम पोकळ्या ठेविल्या आहेत. कर्ण्याचा आवाज त्यांत शिरून तारेला पुनः हालवितो आणि सूर लांबत जातो. नखीच्या ठिकाणीं ब्रायन सहा पेन्सांचें नाणें धरतो. त्याच्या कंगोऱ्यामुळें प्रत्येक स्वराच्या मुखाशीं व्यंजनासारखा एक कण ऐकूं येतो. (ही उपमा मात्र आमच्या व्याकरणी कानाची.)

पुढें ब्रायन ‘क्वीन’ या वाद्यवृंदांत गाजला. त्या वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी हा पारशी, आपल्या पांचगणीच्या शाळेंत शिकलेला.

याच यशापायीं घरांत दुःख आलें. ब्रायन लंडनच्या इंपीरियल कॉलेजांत सूर्याभोंवतींच्या धूलिकणांच्या गतीवर संशोधन करीत होता. १९७४ सालीं तें त्यानें वाद्यासाठीं अर्ध्यावर सोडलें. ज्यांच्या हातांनीं गिटार घडली, त्याच हॅरल्डना हें रुचलें नाहीं. बापलेकांत बराच काळ अबोला राहिला. आम्हीं पस्तीस वर्षें मुलें शिकविलीं. त्या वेळीं आमचें मत विचारलें असतें तर तें निःसंशय बापाच्या बाजूनें पडलें असतें. पुढें मुलानें आईवडिलांना न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील जलशाला नेलें. तो जनसमुदाय पाहून वडिलांनीं त्याचा हात हातीं घेतला व आपणांस आतां उमजलें, असें सांगितलें.

हॅरल्ड १९८८ सालीं वारले. सोडलेला प्रबंध ब्रायननें साठीच्या उंबरठ्यावर पुरा केला आणि २००७ सालीं त्याला डॉक्टरची पदवी मिळाली.

त्या गिटारीच्या प्रतिकृति आज त्याच्याच नांवानें बाजारांत मिळतात. आमच्या नातवाला अर्थातच तींतली एक हवी आहे. आम्हीं त्याला तूर्त माळ्यावरचें मोडकें सागवानी टेबल दाखवून ठेविलें आहे.